माझी ज्योत पिवळी झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना गॅस गिझर आहे. पांढरा पत्रा, पोटात तांब्याची वेटोळी नळी, पायाशी दोन मोठे सेल आणि छातीवर रुपयाएवढी काच. त्या काचेतून माझी ज्योत दिसते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माझे भाऊबंद भिंतीवर टांगलेले असतील. तोटी सोडली की टिक टिक टिक, भप्प, आणि गरम पाणी. एवढीच आमची ओळख. आमच्याकडे निरखून कोणी पाहत नाही.

पण मी बारा वर्षं रोज सकाळी कीर्तन ऐकलेला गिझर आहे. असा दुसरा अख्ख्या नाशकात नसेल. आणि ज्या माउलीनं मला ते ऐकवलं, तिचाच जीव मी घ्यायला निघालो होतो. हे सांगताना माझा पत्रा आक्रसतो. तरी सांगतो, कारण काय होत चाललंय ते मला रोज दिसत होतं आणि तिला दिसत नव्हतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापणारं यंत्र, रंगाचा उग्र वास आणि मग खोक्यातला अंधार, यापलीकडे तिथलं काही आठवत नाही. मला खरं आयुष्य दिलं ते शेखरनं. नाशकातल्या द्वारका चौकाजवळ त्याचं दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. तिथून पाच मिनिटांवर चांगुणाबाईंचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शेखरनं खांद्यावरून मला जिना चढवला, न्हाणीघराच्या भिंतीत खिळे ठोकले, नळ्या जोडल्या आणि पहिल्यांदा तोटी सोडली. माझी ज्योत पेटली. निळी, अगदी मोरपिसाच्या डोळ्यासारखी.

"मावशी, एक ऐका," शेखर हात पुसत म्हणाला. "ही वरची काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे ना, ती जन्मात बंद करायची नाही. थंडी वाजो, पाल येवो, कबुतर येवो."

"अरे, पण कबुतर आत आलं तर?"

"तर त्यालाही गरम पाणी घाला. पण खिडकी उघडी! यालाही श्वास लागतो. खोलीतली हवा हा तुमच्याबरोबर वाटून घेतो. हवा कमी पडली की याची ज्योत पिवळी होते आणि मग हा विष सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. माणूस बसल्या जागी झोपतं."

"बाई गं! काय बोलतोस सकाळी सकाळी," चांगुणाबाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला.

शेखर आणखीही एक म्हणाला होता, की वर्षातून एकदा मला खोलून साफ करायचं. पहिली काही वर्षं तो दिवाळीआधी यायचा. मग त्याचा फोन लागेना, मग चांगुणाबाईंना सुट्टी मिळेना, मग विषयच निघेना. पाणी तर गरम येतच होतं.

चांगुणाबाई ओझरच्या विमानांच्या कारखान्यात हत्यारांच्या स्टोअरमध्ये होत्या. कामगारानं पितळी टोकन द्यायचं, त्यांनी पाना किंवा ड्रिल काढून द्यायचं, संध्याकाळी हत्यार परत घेऊन टोकन परत करायचं. चौतीस वर्षं हेच. सकाळी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना द्वारकेवरून कंपनीची बस निघे, म्हणून सहाला अंघोळ. त्या अंघोळीत मी त्यांना लागे. सिंहस्थाच्या वर्षी घरात गावाकडचे अकरा पाहुणे होते. एकामागून एक अकरा जणांना मी कढत पाणी दिलं, तेव्हा त्यांच्या सिन्नरच्या आत्यांनी माझ्या पत्र्याला हळदकुंकू लावलं होतं. ते बोट कित्येक दिवस मी वाफेपासून जपलं.

आणि कीर्तन! चांगुणाबाईंचा जीव कीर्तनात. पंचवटीत कुठे बुवा आले, कुठे बाई उभ्या राहणार, याची खबर त्यांना आधी. कीर्तनाला जाऊन त्या शेवटच्या रांगेत बसत आणि मांडीवरच्या जाड वहीत टिपून घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं माझ्यासमोर. पूर्वरंग साबण लावताना, उत्तररंग पाणी ओतताना. न्हाणीघरात आवाज कसा भरून येतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? मीही आपला टिकटिकीनं ताल धरायचा प्रयत्न करी.

त्यांचे यजमान धोंडीराम, एसटीचे निवृत्त कंडक्टर. ते बाहेरून ओरडत, "काय हो कीर्तनकार, आज वाफेवर चाललंय वाटतं! पुढचा थांबा कुठला?"

"तुम्ही तिकीट काढलंय का?" आतून उत्तर जाई.

गेल्या पावसाळ्यापासून त्या दर शनिवारी कीर्तनाच्या वर्गाला जाऊ लागल्या. तिथल्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं ऐकलंत. आता एकदा उभ्या राहा." दिवस ठरला. एकतीस जानेवारीला नोकरी संपणार, एक फेब्रुवारीला कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात त्यांचं पहिलं कीर्तन. आख्यान त्यांनी स्वतः रचलं होतं. त्र्यंबकच्या वाटेवर राहणारी एक म्हातारी, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देणारी. आणि तिचं ध्रुपद:

ठेव गं उघडी ओसरी, येईल कोणी तहानला,
ओळख विचारू नको त्याची, ओंजळीत दे तू पाणी त्याला.

ऐकताना माझी ज्योत थरथरे. लोखंडाला भक्ती कळते का, असं विचारू नका. बारा वर्षं ऐकून दगडालाही कळली असती.

जानेवारीत नाशिकची थंडी हाडात शिरते. चांगुणाबाईंचा गळा सकाळी बसलेला असे. मग त्यांनी युक्ती काढली. तोटी बारीक सोडून ठेवायची, बादलीतून वाफ उठू द्यायची आणि त्या वाफेत स्टुलावर बसून अर्धा तास गायचं. वाफेनं गळा सुटे. पाणी वाहतंय तोवर मी जळत राही. खिडकी उघडी होती, त्यामुळे काही बिघडत नव्हतं.

मग एका सकाळी वरच्या मजल्यावरून, खिडकीबाहेरच्या डक्टमधून पायलचा आवाज आला. पायल सीएची परीक्षा देणारी, गोड मुलगी. ती हसत म्हणाली, "काकू, वन्स मोर! पण सहाला नको हो, रात्री तीनपर्यंत जागते मी. परीक्षा होईपर्यंत जरा हळू, प्लीज!"

चांगुणाबाईंनी जीभ चावली. "अगो बाई, माझ्या लक्षातच नाही आलं!" त्यांना लाजही वाटली. म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू जातंय तर! अजून धड बसवलेलं नाही, चुका होतायत, ध्रुपद चढं लागतंय, आणि सगळे ऐकतायत!

त्या संध्याकाळी त्या जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आणि खाकी चिकटपट्टी घेऊन न्हाणीघरात आल्या. स्टुलावर चढल्या. काचेच्या पट्ट्या मिटवल्या, त्यावर पुठ्ठा बसवला, चारी बाजूंनी पट्टी दाबून दाबून लावली. एक कोपरा सुटला होता, तोही नखानं दाबला. चौतीस वर्षं हत्यारं सांभाळलेला हात तो. काम चोख.

मी पाहत होतो. मला वाचा असती, तर मी शेखरचं एकेक वाक्य ओरडून सांगितलं असतं.

पहिल्या दिवशी फारसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या ज्योतीचं टोक पिवळं पडलं. दिव्याच्या ज्योतीसारखं सुंदर दिसत होतं ते, म्हणूनच जास्त भयंकर. साचलेल्या काजळीनं माझी ज्योतीवरची चाळण आधीच तुंबलेली. वर छतावर काळा डाग उमटला. चांगुणाबाई बाहेर आल्या त्या कपाळ धरून.

"डोकं भणभणतंय हो."

"निवृत्तीचं डोकं आहे ते," धोंडीराम म्हणाले. "मलाही दोन महिने होतं. गेलं आपोआप."

चौथ्या दिवशी त्यांना गाता गाता जांभया येऊ लागल्या. पाचव्या दिवशी उठताना गुडघे लटपटले, भिंत धरली. वाटलं, पित्त असेल. गवती चहा घेतला. बसमध्ये बसल्यावर, वाऱ्यावर बरं वाटे, म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं की घरीच काहीतरी ताण येतोय. खरंच होतं की, घरीच काहीतरी होतं.

भांडी-फरशी करणाऱ्या नवसाबाईंनी छताचा डाग पाहिला. "ताई, हे काळं कशाचं हो? काल घासलं, आज पुन्हा हाय."

"बुरशी असेल गं. खिडकी बंद आहे ना, ओल धरते."

"घासून घासून माझा हात गेला पार," नवसाबाई म्हणाल्या आणि पुन्हा घासू लागल्या.

सहाव्या दिवशी देव माझं ऐकतोय असं वाटलं. माझे सेल उतरले. टिक टिक टिक टिक... ज्योत पेटेना. मी मनातल्या मनात हात जोडले. आज नाही, उद्याही नाही, एक फेब्रुवारी उलटेपर्यंत नको. चांगुणाबाईंनी कोमट करून घेतलेल्या एका पातेल्यावर अंघोळ उरकली. त्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं नाही. पण तो धागा कोणाच्याच लक्षात आला नाही.

संध्याकाळी धोंडीराम पिशवी हलवत आले. "घे गं, नवे सेल. थंड पाण्यात तुझं कीर्तन नको. गळा बसला तर मारुतीराया मला धरेल."

त्यांनी स्वतःच्या हातानं सेल बसवले, तोटी सोडून पाहिलं आणि ज्योत पेटली तेव्हा समाधानानं हसले. मित्रांनो, मायेनं केलेलं काम इतकं काळं असू शकतं, हे मी त्या संध्याकाळी पाहिलं.

सातव्या दिवशी त्या उभ्या राहून गायला लागल्या आणि बसून संपवलं.

आठवा दिवस गुरुवार. चांगुणाबाई आत आल्या, कडी लावली, तोटी बारीक सोडली, स्टुलावर बसल्या. मी पेटलो, पहिल्या क्षणापासून पिवळा. वाफ दाटली. त्यांनी नमन केलं, निरूपण घेतलं, आज स्वर छान लागला होता. मी तर म्हणेन बारा वर्षांत इतका गोड लागला नव्हता. मग त्या आख्यानावर आल्या. "ठेव गं उघडी ओसरी..." म्हणताना त्यांनी हात पुढे केला, समोर श्रोते बसलेत असा. "येईल कोणी..."

पुढचा शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "ठेव गं..." हात मांडीवर पडला. डोकं हळूहळू भिंतीला टेकलं. गाल छान तांबूस दिसत होते, जणू त्यांना काही शुभवार्ता कळली होती. पाणी वाहत होतं आणि मी जळत होतो. विझायचं माझ्या हातात नव्हतं.

त्याच वेळी खाली पहिल्या मजल्यावर जे घडलं, ते मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. तिथे खातूनबी राहतात. नमाज झाली की त्या डक्टच्या बाजूच्या ओट्याशी चहा ठेवत आणि वरचं गाणं ऐकत. आठ दिवस गाणं नाही, म्हणून त्यांना चुकल्यासारखं होत होतं. नवसाबाई सकाळी आधी त्यांच्याकडची भांडी करतात. भांडी घासता घासता त्या कुरकुरल्या, "वरच्या ताईंचं न्हाणीघर काय सांगू, छताला रोज काजळी. आन खिडकीला पुठ्ठा चिकटवलाय, आवाज जाऊ नाय म्हनून."

"खिडकी बंद?" खातूनबींनी विचारलं. "और गिझर?"

"तो चालूच अस्तो की, अर्धा अर्धा तास."

खातूनबींच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मालेगावला त्यांच्या नणंदेची मुलगी आयशा बंद न्हाणीघरात अशीच गेली होती, लग्नाला महिना असताना. त्या अनवाणी जिना चढल्या. गुडघेदुखीनं एरवी एकेक पायरी मोजणारी बाई.

धोंडीरामांनी दार उघडलं, हातात पेपर. "या खातूनबी, चहा..."

"चांगुणाताई कहाँ है?"

"आत. अंघोळीला."

"कितना टाइम हुआ? आवाज का येत नाही?"

धोंडीरामांनी कान दिला. "पाणी चालू आहे की."

"पाणी तब भी चालू होतं!" खातूनबी ओरडल्या. "भाऊ, दार तोडा! देखते क्या हो, तोडा!"

दोन धक्के फुकट गेले. तिसऱ्याला कडी निसटली. धोंडीरामांनी बायकोला काखेत हात घालून ओढलं, ओढता ओढता "चांगुणा, अगं चांगुणा" एवढंच म्हणत होते. खातूनबींनी श्वास रोखून आधी माझी तोटी बंद केली, मग स्टूल उचलून खिडकीवर घातलं. पुठ्ठा फाटला, काच फुटली आणि थंड वारा आत आला. मागोमाग धावत आलेल्या नवसाबाईंनी ताईंना साडी गुंडाळली. पायल जिन्यात उभी राहून अँब्युलन्सला पत्ता सांगत होती, रडत होती.

चार दिवस ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं आणि सांगायला कोणी उरलं नसतं.

चांगुणाबाई घरी आल्या. एकतीस जानेवारी पलंगावरच उलटली. स्टोअरमधले लोक शाल-श्रीफळ घरी देऊन गेले. एक फेब्रुवारीला देवळात दुसऱ्या बाई उभ्या राहिल्या, त्यांच्या टाळांचा आवाज फुटक्या खिडकीतून माझ्यापर्यंत आला. त्याच संध्याकाळी चांगुणाबाईंनी वही न उघडता हळू आवाजात गाऊन पाहिलं. "ठेव गं उघडी ओसरी, येईल कोणी..." आणि थांबल्या. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच. स्वतः लिहिलेली ओळ! डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. घरात सगळे म्हणतात, येईल. मी ऐकलंय ते थांबणं. मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

आज शेखर आला. त्यानं मला भिंतीवरून उतरवलं, गॅलरीत फरशीवर ठेवलं, पोट उघडलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, चाळणीत नुसती काजळी! साफ केला की अजून पाच वर्षं सहज चालेल तसा."

हे नवसाबाईंनी ऐकलं. हातातलं फडकं ठेवून त्या पुढे आल्या. "ताई, तुम्हाला नको तर मला द्या की. लेकीला सातवा लागलाय. चुलीवर पानी तापवून वाकता येत नाय तिला."

धोंडीराम पटकन म्हणाले, "घेऊन जा गं. तुझ्यामुळे तर ही आज इथं बसलीय."

चांगुणाबाई खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लेकीच्या मोरीला खिडकी आहे का गं?"

"मोरीला कशाला खिडकी? चारी बाजूंनी पत्रा ठोकलाय, वरनं प्लास्टिक. वारं बिलकूल लागत नाय," नवसाबाई कौतुकानं म्हणाल्या.

शेखरनं हातातला पाना खाली ठेवला. खाली रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला.

"शेखर," चांगुणाबाई म्हणाल्या, "हातोडा आहे तुझ्याकडे?"

"आहे की. पण मावशी, चांगला पीस..."

"चांगला दिसतो, तेच वाईट. आमच्या स्टोअरमध्ये बाद झालेलं हत्यार नुसतं टाकून देत नाहीत. त्याला लाल रंग लावायचा आणि चार जणांसमोर मोडायचं. नाहीतर कोणीतरी उचलतो, चांगलंय म्हणतो आणि विमानाला लावतो. मी सह्या केल्यात अशा मोडण्यावर, चौतीस वर्षं."

नवसाबाईंचं तोंड उतरलं. "म्हंजे मोडून टाकाल, पन माझ्या लेकीला देनार नाय. एवढं घासलं मी ते काळं."

"तुझी लेक आहे म्हणूनच मोडते गं." चांगुणाबाई खुर्चीतून उठल्या. "काळं काय होतं ते तुलाही कळलं नाही आणि मलाही. साठ वर्षांची शहाणी बाई मी, स्वतःच्या हातानं खिडकी बंद केली. ती तर पोटुशी. तिथं कोण चढेल जिना अनवाणी?"

नवसाबाईंनी पदर खोचला, बादली उचलली आणि दाराकडे निघाल्या. धोंडीराम काहीतरी म्हणणार होते, चांगुणाबाईंनी हातानं थांबवलं. शेखरनं हातोडा पुढे केला. "मी मारतो, मावशी. तुम्हाला झेपायचं नाही."

"मलाच मारू दे."

त्या खाली बसल्या. पहिला घाव अशक्त होता, माझ्या पत्र्यावरून घसरला आणि मी फरशीवर फिरलो. तांब्याची नळी शाबूत, चाळण शाबूत. आत्ताही मला कोणी उचलून नेलं, तर उद्या सकाळी मी पेटेन.

मित्रांनो, म्हणून घाईनं सांगतो. तुमच्या घरी माझा कोणी भाऊ असेल, तर आजच त्याच्या काचेतून पाहा. ज्योत निळी आहे ना? वरची खिडकी उघडी आहे ना? कोणी थंडीनं, लाजेनं, शेजाऱ्याच्या मायेनं ती बंद तर केली नाही ना? अंघोळीनंतर आई डोकं धरून बसते का, ते विचारा. आमची निगा वर्षातून एकदा करा, आणि आम्ही म्हातारे झालो की आमच्यावर दया करू नका. आम्ही वाईट नसतो. फक्त आम्हाला थांबता येत नाही.

दाराशी बादली ठेवल्याचा आवाज आला आहे. नवसाबाई परत आल्या आहेत. त्या माझ्यासमोर फतकल मारून बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी मला घट्ट धरलं आहे.

"सरकतोय तो, ताई. धरते मी," त्या म्हणतात. "मारा."

चांगुणाबाईंनी हातोडा दोन्ही हातांनी वर उचलला आहे.

मारा, माउली.